पारोळ्याची आवक-जावक : व्यापारतोलाचा एक पाठ

देशाच्या परदेशी व्यापाराचे आकडे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडून दरमहा प्रसिद्ध होतात. आयात इतकी, निर्यात इतकी आणि तूट इतकी, अशी तीन वाक्यांची बातमी वर्तमानपत्रांतून येते आणि वाचक ती वाचून पुढचे पान उलटतात. आयात अधिक म्हणजे वाईट आणि निर्यात अधिक म्हणजे चांगले, एवढाच बोध त्यातून बहुतेकांना होतो. शाळेतील अर्थशास्त्राच्या पुस्तकातही निर्यात आयातीहून जास्त असेल तर त्यास 'अनुकूल व्यापारतोल' आणि उलट असेल तर 'प्रतिकूल व्यापारतोल' असे म्हटलेले असते. या दोन विशेषणांनी बराच घोटाळा केला आहे. स्वातंत्र्यानंतर भारताचा वस्तूंचा व्यापारतोल १९७२-७३ आणि १९७६-७७ ही दोनच वर्षे अनुकूल होता. एरवी तो सतत प्रतिकूल राहिला आहे. म्हणून त्या दोन वर्षांत देश श्रीमंत होता आणि नंतर गरीब झाला, असे कोणी म्हणणार नाही.

व्यापारतोलाचा खरा अर्थ समजून घ्यावयाचा तर देशाचे अवाढव्य आकडे बाजूला ठेवून एखादा लहान प्रदेश नजरेसमोर आणणे सोयीचे पडते. अर्थशास्त्रज्ञ त्यासाठी युरोपातील लहान राष्ट्रांची उदाहरणे देतात. जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुका त्यासाठी तितकाच उपयोगी आहे. तालुक्याला सीमाशुल्क नाही, स्वतःचे चलन नाही. परंतु तालुक्यातून माल बाहेर जातो, बाहेरून माल आत येतो आणि त्या दोहोंच्या फरकावर गावोगावच्या घरांचे बरेवाईट ठरते.

पेठ आणि तिचा माल

पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ साली हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी बांधला असे सांगितले जाते. पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदीच्या शहरात रूपांतर त्यांनीच केले, अशीही नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटियरात आढळते. तटबंदी आली की पेठ येते. लुटारूंचे भय नसेल तेथेच व्यापारी वखार घालतो. त्याच गॅझेटियरात पारोळ्याच्या व्यापाराच्या चार जिनसा दिल्या आहेत : गुरे, कापूस, लुगडी आणि धान्य.

या चार शब्दांच्या यादीकडे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यात कापूस आहे आणि लुगडीही आहेत. म्हणजे कच्चा मालही या बाजारातून जात होता आणि विणून तयार झालेला मालही येथे विकला जात होता. लुगड्याच्या किमतीत कापूस पिकविणाऱ्याचा, सूत कातणाऱ्या बाईचा, रंगाऱ्याचा आणि विणकराचा असा चौघांचा वाटा असे. कापसाच्या गाठोड्याच्या किमतीत त्यांपैकी पहिल्याचाच वाटा असतो. गावाच्या निर्यातीची रक्कम दोन्ही प्रकारांत एकच दिसली, तरी ती किती घरांत वाटली गेली हे त्या रकमेवरून कळत नाही.

पुढे या यादीतील तोल कापसाकडे झुकला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस बंद पडला. मुंबईत कापसाचे भाव अपूर्व चढले. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग खानदेशात येऊन पोचला. पारोळ्यास रेल्वे नव्हती आणि आजही नाही. त्या काळी जवळचे स्थानक म्हणजे पूर्वेस वीस-बावीस मैलांवरील म्हसावद. बैलगाडीने म्हसावदपर्यंत, तेथून आगगाडीने मुंबई आणि मुंबईहून जहाजाने लिव्हरपूल, असा कापसाचा प्रवास होऊ लागला. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्गाने सुरत जोडली गेली, तेव्हा अमळनेर हे अधिक जवळचे ठाणे झाले. ज्या डब्यांतून कापूस गेला त्याच मार्गाने परतीला मँचेस्टरचे कापड आले, हे वेगळे सांगावयास नको. खानदेशातील हातमागांवर त्याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही.

गंमत अशी की, या सर्व काळात हिंदुस्थानचा व्यापारतोल पुस्तकी अर्थाने 'अनुकूल' होता. निर्यात आयातीहून वर्षानुवर्षे अधिक होती. दादाभाई नौरोजींनी नेमके याच आकड्यांवर बोट ठेवले. निर्यात जास्त असेल तर त्या जादा मालाची किंमत कोणत्या ना कोणत्या रूपाने देशात परत यावयास हवी. ती परत येत नव्हती. इंग्लंडमधील इंडिया ऑफिसचा खर्च, अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज अशा नावांखाली ती तिकडेच राहत होती. जादा निर्यात हे येथे समृद्धीचे लक्षण नसून संपत्ती बाहेर वाहत असल्याची खूण होती. व्यापारतोल शिकविताना हे उदाहरण गाळले जाऊ नये.

एक क्विंटल कापूस

आजच्या तालुक्याकडे वळू. पारोळा तालुक्याची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. बोरी नदीवर तामसवाडी येथे धरण आहे. त्याच्या लाभक्षेत्राबाहेरचे पीक मृगाच्या भरवशावरच उभे राहते. कापूस हे रोखीचे मुख्य पीक. केळीचे जे वैभव रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या तालुक्यांत दिसते ते येथे नाही. तालुक्याची 'निर्यात' म्हणजे प्रथम कापूस, त्यामागून मका व कडधान्ये.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की ढोबळमानाने ३४ किलो रुई निघते, ६४-६५ किलो सरकी निघते आणि उरलेली घट. सुमारे पाच क्विंटल कापसाची १७० किलोंची एक गाठ बांधली जाते. सरकी घाण्यात घातली की शेकडा दहा ते तेरा किलो तेल मिळते आणि बाकीची ढेप जनावरांच्या दावणीला जाते. रुईचे सूत, सुताचे कापड, कापडाचे कपडे, अशी पुढची पायऱ्यांची माळ आहेच.

शेतकऱ्याच्या दारात काटा लावून होणारी 'खेडा खरेदी' खानदेशात सर्वपरिचित आहे. ट्रक भरतो आणि कापूस गुजरातमधील जिनिंगकडे रवाना होतो. शेतकऱ्याला रोख पैसे मिळतात, वाहतुकीची व ताटकळण्याची दगदग वाचते, हा त्यातील लाभ नाकारता येणार नाही. परंतु ट्रकबरोबर केवळ रुई जात नाही, सरकीही जाते. जिनिंगमधील मजुरी, हमाली, तेलघाण्याचा धंदा आणि ढेप ही सर्व त्याच ट्रकमधून तालुक्याबाहेर जातात. काही आठवड्यांनी हीच ढेप पोत्यांत भरून परत येते आणि तालुक्याच्या आयातीच्या खात्यावर पडते. आपलीच सरकी आपण भाड्यासह विकत घेतो, असा हा व्यवहार आहे.

यात आणखी एक हिशेब दडलेला आहे, तो पैशाच्या वहीत कधीच चढत नाही. कापसाचा तंतू हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. तो हवेतील कर्बवायू आणि पाणी यांपासून बनतो. जमिनीतील नत्र, स्फुरद, पालाश त्यात नगण्य असते. ही द्रव्ये साठतात ती सरकीत. म्हणजे रुई कितीही विकली तरी जमिनीची झीज फारशी होत नाही. सरकी विकली की शेताचा कस विकला जातो. सरकीची ढेप तालुक्यातच जनावरांनी खाल्ली तर शेणखताच्या वाटेने त्यातील बराचसा अंश शेतात परततो. ती बाहेर गेली तर तो कस पोत्यातील खताने भरून काढावा लागतो. भारतात पालाश खताची गरज प्रामुख्याने आयातीवर भागते आणि त्यासाठी कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल या देशांकडे पाहावे लागते. तामसवाडीच्या शिवारातून गेलेल्या सरकीची भरपाई अशी सातासमुद्रापलीकडून होते.

डेन्मार्कने काय केले

युरोपच्या उत्तरेस डेन्मार्क हा एक लहानसा देश आहे. मुख्य भूमीचे क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या चौपटीहूनही कमी. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, तर जळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेनुसार ४२ लाखांवर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा देश धान्य पिकवी आणि विशेषतः इंग्लंडला धान्य विकी. १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रियाकडून पराभव होऊन त्याचा मोठा मुलूख गेला. पाठोपाठ १८७० नंतर अमेरिकेचा व रशियाचा स्वस्त गहू आगबोटींतून युरोपात येऊन कोसळला. डेन्मार्कच्या शेतकऱ्याचे धान्य विकले जाईना.

जर्मनी, फ्रान्स आदी देशांनी बाहेरच्या धान्यावर जकात बसवून आपल्या शेतकऱ्याला आडोसा दिला. डेन्मार्कने तसे केले नाही. स्वस्त धान्य येतेच आहे तर ते घ्यावे, गुरांना व डुकरांना चारावे, आणि धान्याऐवजी लोणी व डुकराचे खारवलेले मांस विकावे, असा मार्ग तेथील शेतकऱ्यांनी धरला. मका, भरड धान्य आणि तेलबियांची पेंड यांची आयात वाढत गेली. पुढे त्या पेंडीत अमेरिकेतील कापसाच्या सरकीची पेंडही मोठ्या प्रमाणावर होती. एका देशाला जो माल टाकाऊ वाटे, तो दुसऱ्याने विकत घेऊन त्याचे लोणी केले.

हे एकट्या शेतकऱ्याच्या हातून होण्यासारखे नव्हते. दोन-चार गाईंच्या दुधाचे घरोघरी काढलेले लोणी कधी चांगले, कधी खवट असे. इंग्लंडच्या बाजारात त्याला पत नव्हती. १८७८ च्या सुमारास दुधातून यंत्राने मलई वेगळी करण्याची युक्ती निघाली आणि १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. आपल्या गाईंचे सर्व दूध दुग्धशाळेलाच घालण्याचे बंधन सभासदांनी स्वतःवर घातले. मलई काढलेले दूध शेतकऱ्याकडे परत येई, ते डुकरांना मिळे. १८८७ मध्ये हॉर्सेन्स येथे मांस खारवण्याचा पहिला सहकारी कारखाना निघाला. पुढे निर्यातीच्या लोण्यावर राष्ट्रीय चिन्ह उमटविण्याची पद्धत आली आणि चिन्हामागे प्रतीची तपासणी आली. शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी बाब म्हणजे, पाद्री ग्रुंटविग यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या लोकविद्यालयांत शिकलेली शेतकऱ्यांची मुले या संस्था चालविण्यात पुढे होती. त्या विद्यालयांत परीक्षा नव्हत्या. इतिहास, भाषा आणि चर्चा यांवर भर असे.

आता या देशाची व्यापारवही उघडली तर आयातीचा रकाना फुगलेला दिसेल. धान्य विकणारा देश धान्य विकत घेऊ लागला, हा वरवर पाहता ऱ्हासच. परंतु आयातीतली प्रत्येक पेंडीची गोणी निर्यातीच्या लोण्यात रूपांतरित होत होती आणि त्या दोहोंमधील फरकावर गवळी, यंत्रज्ञ, तपासनीस, खलाशी अशा अनेकांचे घर चालत होते. शिवाय लोणी म्हणजे स्निग्धांश. तोही तंतूप्रमाणेच जमिनीचा कस फारसा नेत नाही. गोणीतले नत्र खताच्या रूपाने डेन्मार्कच्या शेतात राहिले.

डेन्मार्कचा पुढचा काळ सरळ गेला असे मात्र नाही. विसाव्या शतकात साठच्या दशकापासून जवळजवळ तीस वर्षे या देशाच्या परदेशी व्यवहाराच्या चालू खात्यात सतत तूट होती आणि परदेशी कर्ज वाढत होते. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हा परिस्थिती अधिकच कठीण झाली. १९९० पासून मात्र चालू खात्यात बहुतेक वर्षे शिल्लक राहू लागली. त्यात वस्तूंइतकाच जहाज वाहतुकीच्या उत्पन्नाचाही भाग आहे.

न दिसणारी आवक

जहाज वाहतुकीच्या या उल्लेखाने विषयाचा दुसरा भाग पुढे येतो. वस्तूंच्या आयात-निर्यातीचा फरक म्हणजे व्यापारतोल. त्यात सेवा, व्याज, घरी पाठविलेले पैसे, कर्जे व गुंतवणूक हे सर्व मिळविले की होतो तो व्यवहारतोल. तालुक्याच्या पातळीवर हा न दिसणारा भाग फार मोठा असतो.

समजा, एखाद्या गावाने वर्षात एक हजार क्विंटल कापूस विकला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ७,५२१ रुपये होती. हिशेबासाठी ७,५०० धरू. गावात ७५ लाख रुपये आले. बियाणे, खत, औषधे, डिझेल, खाद्यतेल, साखर, चहा, कापड, सिमेंट, मोबाइल यांवर ८० लाख गेले. व्यापारतोल पाच लाखांनी प्रतिकूल. त्याच गावात शिक्षक, ग्रामसेवक, निवृत्तिवेतनधारक यांचे पैसे आणि सुरतेस कामाला गेलेल्या मुलांनी पाठविलेले पैसे मिळून १२ लाख आले. आता सात लाख शिल्लक दिसते. मग बँकेचे व सावकाराचे व्याज, नाशिक-पुण्यास शिकणाऱ्या मुलांची फी आणि धुळे-जळगावच्या दवाखान्यांची बिले यांत नऊ लाख गेले. अखेरीस दोन लाखांची तूट उरली. ही तूट हवेत लोंबकळत राहत नाही. कोणी नवे कर्ज काढतो, कोणी बैलजोडी विकतो, कोणी सोने मोडतो. देशाच्या वहीतही असेच होते; तेथे त्याला परकीय कर्ज, परकीय गुंतवणूक व गंगाजळीतील घट अशी भारदस्त नावे आहेत.

सुरतेला गेलेला मुलगा हा या हिशेबात निर्यातच आहे, त्याच्या श्रमाची निर्यात. ज्या कापसाचे सूत व कापड तालुक्यात झाले नाही, त्या कापडाच्या धंद्यात काम करण्यासाठी तो गावाबाहेर गेलेला असतो. वहीत त्याचे पैसे जमेच्या बाजूस दिसतात, आणि दिसावेतही. परंतु गावच्या म्हाताऱ्यांना त्या रकमेचा दुसरा अर्थही ठाऊक असतो.

प्रक्रियेचा धंदा या भागाला परका आहे असे म्हणण्यास आधार नाही. शेजारच्या अमळनेरात विसाव्या शतकाच्या आरंभी प्रताप मिल निघाली. १९४५ मध्ये तेथेच वनस्पती तुपासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. परिसरातील भुईमुगाचे तेल हे तिचे भांडवल. हीच कंपनी आज विप्रो या नावाने संगणक-सेवांसाठी जगभर ओळखली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. राज्याने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना राबविली, तेव्हा पणन महासंघामार्फत खरेदी, जिनिंग व विक्री एकाच छत्राखाली आली होती. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला वाट मोकळी झाल्यावर तो एकाधिकार संपुष्टात आला. त्या योजनेचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे.

कापसाच्या आयातीवर केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये ११ टक्के शुल्क बसविले होते. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून काही महिन्यांकरिता उठविण्यात आले. कापड गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, शेतकऱ्याला नवीन हंगामाच्या तोंडावर भाव टिकावयास हवा होता. तालुक्यात सूतगिरणी असती तर ही दोन हितसंबंधांची ओढाताण गावातल्या गावात तरी उमगली असती. नुसता कापूस विकणाऱ्यास तीत एकच बाजू उरते.

मोजावयाचे कसे

जुन्या काळी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर गावात येणाऱ्या मालाची नोंद होई. व्यापाऱ्यांना नाका नकोसा असे, ट्रकांच्या रांगा लागत. तरीही शहराच्या 'आयाती'चा तोच एक लेखी पुरावा होता. १९९९ मध्ये राज्यातील नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि ती वहीही बंद झाली. आज कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवक नोंदी, सहकारी संघांची खत-बियाण्यांची विक्री, दूध संकलन केंद्रांचे तक्ते आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातील जनावरांची गणना यांतून बरेच काही जुळविता येते. खेडा खरेदीचा कापूस मात्र या कोणत्याही कागदावर पूर्णपणे येत नाही.

सर्व तालुक्याची वही एकदम मांडणे जड जाईल. एका गावापुरती ती सहज मांडता येते. ग्रामपंचायतीने दुकानदारांकडून दरमहा आलेल्या ढेपीच्या, खताच्या व खाद्यतेलाच्या गोण्या-डब्यांचा आकडा घ्यावा, शाळेतील वरच्या वर्गातील मुलांनी दिवाळीपासून होळीपर्यंत गावातून गेलेल्या कापसाच्या गाड्या व त्यांचे अंदाजे वजन टिपावे. कापसाच्या वजनाला ०.६४ ने गुणिले की गेलेली सरकी निघते. तिच्याशेजारी वर्षभरात आलेल्या ढेपीचे वजन लिहावे आणि दोन्ही आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत.